मदत हवी आहे: जुन्या चंबा रुमालाचं रेशीम सुटतंय

सासूबाईंकडून आलेला चंबा रुमाल आहे, रासमंडळाचा. मधे कृष्ण, भोवती गोपींचं रिंगण. हिमाचलातलं हे भरतकाम दोरुखा टाक्याचं, दोन्ही बाजूंनी चित्र सारखंच दिसतं. पूर्वी पहाडी चित्रकार कोळशाने रेखाटन करून देत आणि बायका बिनपिळाच्या रेशमाने ते भरत. काय नजर असेल त्यांची! आता एका गोपीच्या घागऱ्यावरचं रेशीम सुटतंय, खालची मलमलही विरलीये. ड्रायक्लीनला अजिबात द्यायचा नाहीये.

पुण्यात जुन्या कापडाचं जतन करणारं खात्रीचं कुणी माहीत आहे का? आणि दोन्ही बाजू दिसतील, काच कापडाला टेकणार नाही अशी फ्रेम कोण करून देईल? पेठांत असेल तर उत्तमच, पण लांबही जाईन. तोवर घडी न घालता सुती कापडात गुंडाळून ठेवलाय, चालेल ना?