शहापूरच्या सागवनात रानपिंगळ्यासारखे घुबड: नोंद कशी करावी, आणि यावर एम.एस्सी.चा प्रबंध होईल का?

सागपान
शहापूर तालुका, तानसा अभयारण्याच्या हद्दीबाहेरचे सागवन. सकाळी साडेनऊला वठलेल्या सागाच्या शेंड्यावर एक छोटे घुबड भर उन्हात बसलेले होते. माथ्यावर ठिपके जवळपास नाहीत, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट मधोमध पांढरे. सहा फोटो आहेत, पण सगळे उन्हाकडे तोंड करून काढलेले. ३०० मिमी लेन्स, आवाजाचे रेकॉर्डिंग नाही.

विचारायचे असे: (१) एवढ्यावर दुर्मिळ रानपिंगळा म्हणता येईल का, की साधा पिंगळाच? (२) नोंद कुठे आणि कशी करावी? ठिकाण उघड झाले तर फोटोवाल्यांची रीघ लागेल ही भीती आहे. (३) प्राणीशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रबंध डिसेंबर ते एप्रिल करायचा आहे. शनिवार-रविवार मोकळे, दुचाकी आणि एक सोबती. हाच विषय घेतला तर जमेल का?

दुर्बीणवाला
आधी नावाचा घोळ मिटवू. रानपिंगळा, वनपिंगळा, जंगली पिंगळा ही नावे लोक एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. तुम्ही म्हणताय तो शास्त्रीय नावाने अथेनी ब्लेविटी, काही यादीत हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी. अंगभर बारीक आडव्या रेघा असलेला जंगली पिंगळा वेगळा. त्याच रानात तोही असतो, आणि साधा पिंगळाही.

फक्त माथ्यावरून ठरवू नका. पिंगळ्याच्या पिल्लांत ठिपके अंधुक असतात आणि उलट्या उजेडात मोठ्या पक्ष्याचेही ठिपके गिळले जातात. छातीचा पट्टासुद्धा सावलीत आपोआप गडद दिसतो. शेपूट बघा: रानपिंगळ्याच्या शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि टोकाला पांढरी कड, पिंगळ्याच्या शेपटीवरचे पट्टे अरुंद. मानेमागे पिंगळ्याला ठळक पांढरी पट्टी असते, रानपिंगळ्यात ती जवळपास नसते. पाय दाट पांढऱ्या पिसांनी भरलेले, नख्या आणि चोच पिंगळ्याच्या मानाने दणकट. बगलेत आडवे तपकिरी पट्टे आणि पोटाचा मधला भाग कोरा, हे तुमच्या वर्णनाशी जुळते. उडताना पंखाखाली मनगटाशी गडद डाग दिसला तर फारच चांगले.

वागणूकही लिहून ठेवा. शेपटी झटक्याने डावी-उजवीकडे हलवत होता का? साडेनऊच्या उन्हात उघड्या शेंड्यावर बसणे रानपिंगळ्याला शोभते, पण पिंगळाही सकाळी ऊन खात बसतो. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही.

फोटोंच्या मूळ फाइली कापू नका. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइली असतील तर फक्त सावल्या उघडा. कॉन्ट्रास्ट आणि शार्पनिंग वाढवलेत की नसलेले पट्टे उमटतात. पुढच्या वेळी पक्ष्याला वळसा घालून ऊन पाठीशी घ्या; ते शक्य नसेल तर एक्स्पोजर दीड स्टॉप वर. आकाश पांढरेफटक होईल, होऊ द्या, पोट दिसेल. फोटो बघण्याआधी माझे मत: "शक्य", त्यापुढे नाही.

नोंदवही
ठिकाणाच्या दृष्टीने अशक्य काहीच नाही. २०१४ मध्ये तानसात हा पक्षी दिसल्यावर "फक्त सातपुड्यात" हे समीकरण मोडले. त्यामुळे तुमच्या नोंदीला किंमत आहे, आणि म्हणूनच ती चुकीची असेल तर नुकसानही मोठे आहे.

नुकसान कसे, ते याच पक्ष्याच्या बाबतीत घडून गेले आहे. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये या जातीचे वर्णन केले, शेवटचा खरा नमुना (संग्रहालयात जपलेला मृत पक्षी) १८८४ चा. त्यानंतरचा एकच नमुना होता, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक माइनर्ट्झहागेन यांचा, १९१४ सालचा, तापीकाठच्या मांडवीचा म्हणून दाखवलेला. तो चोरलेला जुना नमुना होता, पुन्हा शिवून खोटी चिठ्ठी लावलेला. ती चिठ्ठी बाजूला सारून पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी सापडला. एका चिठ्ठीवरच्या खोट्या गावाने एवढा घोटाळा केला.

आता कामाचे. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचे संकेतस्थळ) यादी पूर्ण भरा, म्हणजे ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, फक्त घुबड नव्हे. सुरुवातीची वेळ, मिनिटे आणि चाललेले अंतर खरे टाका. दिवसभराची एकच लांबलचक यादी करू नका. १५ ते ३० मिनिटांच्या तुकड्यांत केलीत तर पक्षी कुठल्या प्रकारच्या जंगलात होता ते नंतर कळते. खात्री होईपर्यंत "पिंगळा/रानपिंगळा" असा मोघम पर्याय मिळाला तर तो घ्या, नाहीतर छोटे घुबड म्हणून टाका आणि वर्णन शेऱ्यात लिहा. नोंदी तपासणाऱ्या ईबर्डच्या परीक्षकाचा मेल आला तर राग मानू नका, त्याचे काम तेच आहे.

ठिकाणाबद्दल: संवेदनशील जातींचे नेमके ठिकाण ईबर्ड झाकते, पण त्याच यादीतली तुमची टिप्पणी ("पाझर तलावाच्या बांधावरून तिसरा वठलेला साग") सगळे फोडून टाकते. यादी लपवायची सोय आहे, हंगाम संपेपर्यंत वापरा. समाजमाध्यमावर फोटो टाकण्याआधी त्यातले जीपीएस काढा. मूळ प्रत मात्र जीपीएस आणि वेळेसकट जपून ठेवा आणि कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलशी लावून घ्या. दहा मिनिटांचा फरक असला तरी यादीशी फोटो जुळत नाही.

आकडेमोड
तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर: "रानपिंगळ्याचा अधिवास" हा विषय घेऊ नका. पाच महिन्यांत दोन-तीन वेळा दिसेल आणि प्रबंधात फोटोशिवाय काही उरणार नाही. त्याऐवजी तिन्ही छोटी घुबडे घ्या: पिंगळा, जंगली पिंगळा, रानपिंगळा. कुठले कशा जंगलात आहे हा प्रश्न. रानपिंगळा मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तरी काम उभे राहते.

खरी मेख "दिसला नाही" या नोंदीत आहे. पक्षी तिथे नव्हता, की होता आणि आपल्याला दिसला नाही? हे वेगळे करायचे तर एकाच बिंदूवर, म्हणजे निरीक्षणाच्या ठरलेल्या जागी, पुन्हा पुन्हा जावे लागते. एका भेटीत असलेला पक्षी सापडण्याची शक्यता ०.३ धरली तर चार भेटींनंतरही तो निसटण्याची शक्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे ०.२४. जवळजवळ चारात एक! निसटण्याची शक्यता ५ टक्क्यांखाली आणायला ९ भेटी लागतात. शक्यता ०.५ असेल तर ५ भेटी पुरतात. बोलकी घुबडे, योग्य वेळ आणि वारा नसलेली सकाळ मिळाली तर ०.५ गाठणे अवघड नाही.

तुमचा हिशेब: डिसेंबर ते एप्रिल सुमारे ४० सकाळी. लग्ने, परीक्षा आणि पंक्चर वगळता ३० धरा. सूर्योदयापासून तीन तासांत चालत चार बिंदू होतात, प्रत्येकी १० मिनिटे. १२० बिंदूभेटी झाल्या. ५ भेटींप्रमाणे २४ बिंदू. यापेक्षा जास्त बिंदू घेण्याचा मोह होतो आणि मग प्रत्येक बिंदूला दोनच भेटी मिळतात. तसा गोळा केलेला विदा (डेटा) कुठल्याच सांख्यिकी मॉडेलला पुरत नाही.

बिंदू एकमेकांपासून किमान ५०० मीटर. नकाशावर जाळी टाकून चिठ्ठ्या काढून निवडा. "इथे दिसेल असे वाटते" म्हणून निवडलेल्या बिंदूंवरून बाकीच्या जंगलाबद्दल काहीच सांगता येत नाही. आणि दर वेळी त्याच क्रमाने फिरू नका. पहिला बिंदू कायम साडेसहाला आणि चौथा कायम नऊला झाला, तर फरक जंगलाचा की वेळेचा ते कधीच कळणार नाही. क्रम उलटा करत जा. कोण बघत होते, तुम्ही की सोबती, तेही लिहा.

प्रत्येक बिंदूभोवती १७.८४ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखा, ते जवळपास १००० चौरस मीटर होते. त्यात वठलेली झाडे, ढोल्या, छातीच्या उंचीवरचा खोडाचा घेर आणि छत्राची दाटी मोजा. वस्तीपासूनचे अंतर नकाशावरून काढा. एवढे गोळा करा, पण २४ बिंदूंवर मॉडेलमध्ये दोनाहून जास्त घटक घालू नका, नाहीतर आकडे कोलमडतात. विश्लेषण आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या अनमार्क्ड पॅकेजने होते.

सागाबाबत एक लक्षात घ्या. फेब्रुवारी-मार्चला पानगळ झाली की घुबड लांबून दिसते. म्हणजे एप्रिलमध्ये जास्त पक्षी "सापडले" ते संख्या वाढली म्हणून नव्हे. भेटीची तारीख मॉडेलमध्ये घालायलाच हवी.

सागपान
हे फारच कामाचे आहे, धन्यवाद. आवाज वाजवून घुबडांना बोलते केले तर शक्यता वाढेल ना? आणि विभागाकडे एक ऑडिओमॉथ (ठरलेल्या वेळी आपोआप आवाज टिपणारे यंत्र) पडून आहे, तो लावू का?

आकडेमोड
आवाज वाजवला की शेजारच्या बिंदूचा पक्षीही ओढला जातो आणि जिथे तो राहत नाही तिथे "आहे" अशी नोंद होते. शिवाय विणीच्या काळात नर हद्द राखायला घरटे सोडून येतो. प्रबंधाला त्याशिवाय जमत असेल तर टाळा.

ऑडिओमॉथ जरूर. ४८ किलोहर्ट्झ ठेवा, म्हणजे बर्डनेट (आवाजावरून पक्षी ओळखणारे सॉफ्टवेअर) चालवता येते. तासाला साधारण ३४६ एमबी. पहाटे तीन आणि संध्याकाळी दोन तास धरले तर दिवसाला पावणेदोन जीबीच्या आत, ३२ जीबीचे कार्ड सुमारे १८ दिवस पुरते. सगळ्यात जास्त काम बिघडते ते वेळेमुळे: घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या साडेपाच तास मागे) असते. साडेपाच तास जुळवायचे राहिले की पहाटे साडेपाचचे म्हणून लावलेले रेकॉर्डिंग सकाळी अकराला सुरू होते आणि कार्डात नुसता उन्हाचा सन्नाटा. सेल काढले की घड्याळ पुसले जाते, परत लावल्याशिवाय ते रेकॉर्ड करत नाही. झिप पिशवीत सिलिका जेल, यंत्र खोडाला काळ्या पट्ट्याने, माणसाच्या डोक्याच्या वर. वानरांना चमकती वस्तू फार आवडते. बर्डनेटने "रानपिंगळा" म्हटले म्हणून नोंद करू नका, प्रत्येक तुकडा कानाने ऐका. मोराच्या आणि खारीच्या आवाजांवर यंत्र काय काय म्हणते ते बघून करमणूक होईल.

वनरेषा
परवानगीचा भाग सगळे विसरलेत! रानपिंगळा अनुसूची १ मध्ये, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेल्या जातींत आहे. अभयारण्यात अभ्यासासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. हद्दीबाहेरच्या वनात प्रादेशिक उपवनसंरक्षकांची. पक्षी पकडणे, पायात कडी घालणे, रक्त घेणे हे कलम १२ चे, एम.एस्सी.साठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

ताई किंवा दादा, अर्ज आजच करा. डिसेंबरला काम सुरू करायचे तर नोव्हेंबरचा अर्ज उशिराचाच. सोबत दोन पानी प्रस्ताव, विभागप्रमुखांचे पत्र, दोघांची ओळखपत्रे, आणि नियतक्षेत्रांची (वनरक्षकांच्या बीटची) नावे लिहा. नुसते "शहापूर परिसर" लिहिले की अर्ज परत येतो. उपकरणांच्या यादीत ऑडिओमॉथ आणि त्याची संख्या लिहायला विसरू नका. यादीत नसलेले यंत्र झाडाला बांधलेले सापडले तर वनरक्षक ते जप्त करतील आणि त्यात त्यांची चूक नाही. तारखा दोन महिने पुढे वाढवून मागा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेला आधी भेटा. ढोल्या असलेली झाडे गुराख्यांना तुमच्याआधी माहीत असतात.

दुर्बीणवाला
एक मतभेद. वर म्हटले आहे की रानपिंगळा मुख्य विषय नको, मान्य. पण म्हणून त्याची किंमत कमी समजू नका. २०२३ च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालात ९४२ जाती तपासल्या, त्यात दीर्घकालीन कल फक्त ३३८ जातींचा काढता आला. बाकीच्यांसाठी पुरेसा विदा नव्हता. २०१८ मध्ये रानपिंगळ्याला अतिसंकटग्रस्तातून संकटग्रस्त गटात आणले, ते नवी ठिकाणे सापडली म्हणून. तुमच्या २४ पैकी २२ बिंदूंवर पाच-पाच भेटींत तो मिळाला नाही, हे व्यवस्थित छापलेत तरी ठाणे जिल्ह्यासाठी ती नवी माहिती आहे.

पुढे शिकायचे असेल तर डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचा एम.एस्सी. आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेचा वन्यजीव अभ्यासक्रम बघा. दरवर्षी प्रवेश असतोच असे नाही, वेळापत्रक आधी तपासा. प्रबंधानंतर छोट्या निधीसाठी रफर्ड फाउंडेशन किंवा ओरिएंटल बर्ड क्लब. तिथे पहिला प्रश्न हाच येतो की आधीचा विदा आहे का.

फोटो टाका इथे, ठिकाण झाकून. शेपटी दिसते तो सगळ्यात आधी.