रात्री वावरावरून एवढी विमानं जातात, त्यायले रस्ता कसा सापडते?

ओलीतवाला (समुद्रपूर तालुका):
राम राम मंडळी. हरभऱ्याले पाणी देणं सुरू आहे, विजेची लाइन रातचीच असते, म्हणून पोरगी कधीकधी संगं वावरात येते, सातवीत आहे. काल दोन विमानं एकमेकायले क्रॉस करून गेली तं ती म्हणे बाबा, वर ना रोड ना पाटी, यायले कसं समजते कुठं जायचं, अन् धडकत काहून नाई? आपल्या इकडं विमानतळ नाई तरी एवढी विमानं काहून जातात हेही सांगा. तिले खरं उत्तर द्यायचं आहे, उगाच काहीतरी सांगून गप नाई करायचं.

वर्धेकर:
दादा, पोरीले भारताचा नकाशा अन् पट्टी द्या. दिल्ली ते चेन्नई एक रेघ मारायची, मुंबई ते कोलकाता दुसरी. दोन्ही रेघा हिंगणघाट-वर्ध्याच्या आसपासच एकमेकींले कापतात! दिल्ली-बंगळुरूची रेघ अमरावतीच्या बाजूनं जाते. खरे हवाई मार्ग थोडे वाकडेतिकडे असतात पण गर्दीचं कारण हेच, आपण मधात आहोत.

आता धडकण्याचं. ही विमानं 30 ते 40 हजार फुटांवर असतात, म्हणजे ढोबळ 9 ते 12 किलोमीटर. पूर्वेच्या अर्ध्या दिशेनं जाणाऱ्यायले 33, 35, 37 हजार असे विषम आकडे अन् पश्चिमेच्या अर्ध्या दिशेनं जाणाऱ्यायले 34, 36, 38 असे सम. खालून आपल्याले वाटते घासूनच गेले, पण मधात किमान हजार फूट असतात. मात्र दिल्लीहून चेन्नईले जाणारं अन् मुंबईहून कोलकात्याले जाणारं दोन्ही विषममधेच येतात, म्हणून नुसत्या नियमावर भागत नाई, जमिनीवरून विमानायवर लक्ष ठेवणारा कंट्रोलर रेडिओवरून प्रत्येकाले वेगळी उंची नाईतर वेगळी वेळ देते. 12 नोव्हेंबर 1996 ले हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, 349 माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडं टीकॅस नावाचं यंत्र सक्तीचं झालं, ते जवळ येणारं विमान ओळखून एका पायलटले वर जा अन् दुसऱ्याले खाली जा सांगते.

अजून एक, पोरीले दिवे पाहाले सांगा. डाव्या पंखाले लाल, उजव्याले हिरवा, शेपटीले पांढरा.

भूगोलवाले गुरुजी (हिंगणघाट):
हिंगणघाटचं नाव निघालं तर मला राहवत नाही. वर्धेकरांनी पट्टीनं रेघ मारायला सांगितली, पण ती रेघ खरी उतरायला आधी नकाशा खरा पाहिजे ना, आणि तो मोजणारा माणूस आपल्याच गावात पुरलेला आहे. विल्यम लॅम्बटननं 1802 मध्ये मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ रेषा अतिशय काळजीनं मोजली, मग तिच्या टोकांवरून कोन घेत त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे निघाला. कोन मोजायचं यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचं, ते जंगलातून, डोंगरांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवायचं. नागपूरकडे येताना 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटलाच तो वारला. त्याची कबर इथं आहे आणि आपल्या पोरांना ती माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पुढचं काम त्याचा सहकारी जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं, जगातल्या सगळ्यात उंच शिखराला 1865 मध्ये त्याचंच नाव दिलं. मुलीला एकदा घेऊन या, मी स्वतः दाखवीन.

वर्धेकर:
गुरुजी, हे भारी सांगितलं तुम्ही.
राहिला रस्त्याचा प्रश्न. आधीचे पायलट होकायंत्र, वेग अन् घड्याळ यावर हिशोब करत, इतक्या वेगानं या दिशेनं इतकी मिनिटं तं आता इथं असू. 1949 पासून रात्रीची टपाल विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता अन् मद्रासहून नागपूरले येत, मध्यरात्री थैल्यांची अदलाबदल करून परत जात, तेव्हा कुठलं आलं जीपीएस! पुढं व्हीओआर नावाची रेडिओ केंद्रं आली, नागपूरलेही आहे. त्याच्या सिग्नलवरून विमान केंद्राच्या कोणत्या दिशेले आहे ते कळते. आता विमानाच्या पोटात जायरो अन् ॲक्सलरोमीटर नावाची यंत्रं असतात, जायरो हरेक वळण मोजते अन् ॲक्सलरोमीटर वेगातला बदल, त्यावरून जागा निघते, वरून जीपीएस, त्याले किमान 4 उपग्रह दिसले पाहिजेत. जीपीएसची चूक दुरुस्त करून द्याले इस्रो अन् विमानतळ प्राधिकरणानं गगन नावाची यंत्रणा उभारली. एक बंद पडलं तं दुसरं आहे, म्हणून अंधार असो की ढग, फरक पडत नाई.

ओलीतवाला:
लय धन्यवाद जी दोघायले. गुरुजी, पाण्याची पाळी झाली की येतोच. एक राहिलं, सकाळी विमानामागं पांढरी रेघ एखाद्या दिवशी लगेच पुसते अन् एखाद्या दिवशी तासभर राहते. आमच्याकडं म्हणतात राहिली तं पाणी येते, खरं हाय का?

वर्धेकर:
थोडं खरं आहे. ती रेघ धूर नाई, इंजिनातून निघालेली वाफ उणे 40 च्या आसपासच्या थंडीत गोठते अन् बर्फाचे बारीक कण होतात. वरची हवा कोरडी असली तं ते लगेच उडून जातात, दमट असली तं रेघ टिकते अन् फुगत जाते. म्हणजे वर ओल आहे एवढं नक्की समजते, पण ती 10 किलोमीटरवरची ओल, आपल्या वावरात पाणी पडंल असं त्यावरून सांगता येत नाई. फवारणीचं हवामान खात्याचा अंदाज पाहूनच ठरवा.