डीप आणि आरईएम झोप पुरेशी मिळत नाही? तुमचे अनुभव लिहा

माझं वय ४५. साडेअकराला आडवी होते, साडेपाचला उठते, मध्ये फारशी जागही येत नाही, तरी सकाळी अंग असं जड की ब्रश तोंडात धरून बेसिनपाशी नुसती उभी असते. मनगटावरचं घड्याळ सांगतं डीप म्हणजे गाढ झोप ४० मिनिटं, आरईएम म्हणजे स्वप्नं पडतात ती झोप ५०. मोठ्या माणसाला झोपेच्या साधारण १३ ते २३ टक्के डीप आणि २० ते २५ टक्के आरईएम असते, त्या हिशोबाने दोन्हीकडे तूटच आहे. दुपारनंतर साधं नाव आठवत नाही, चिडचिड होते ती घरच्यांवर निघते. ज्यांनी यातून वाट काढलीय त्यांनी काय केलं ते सविस्तर लिहा, ज्यांना अजून जमलेलं नाही त्यांनीही लिहा प्लीज.

---

ताई, तुमचे सहा तास हेच मला कमी वाटतायत. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं, डीप बरीचशी सुरुवातीच्या चक्रांत उरकते आणि आरईएमचे लांब पट्टे पहाटेकडे येतात, म्हणजे अलार्म लावून शेवटचा तास-दीड तास कापला की मार बसतो तो आरईएमलाच. माझी ड्युटी सकाळची, उठायची वेळ हलणार नव्हती, म्हणून झोपायची वेळ थोडी थोडी अलीकडे आणली. एकदम नऊला जाऊन पडलं तर नुसतं छताकडे बघत बसावं लागतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्याच वेळेला उठते, हे सगळ्यात जड गेलं पण फरक त्यानेच पडला.

---

संध्याकाळची कॉफी बंद करा. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-एक तासांनंतरही अंगात असतं, झोप लागली तरी डीप उथळ होते. आणि दारूने झोप लवकर लागते खरी, पण पहिल्या अर्ध्या रात्रीची आरईएम दबते आणि उत्तररात्री सारखी जाग येते. मी दोन्ही सोडलं, मला फायदा झाला.

---

घोरणाऱ्यांनी हे जरूर वाचा. माझं घोरणं घरात सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं, पण बायकोच्या लक्षात आलं की पहाटे पहाटे घोरणं मध्येच थांबतं, काही सेकंद अगदी चिडीचूप, आणि मग मी गुदमरल्यासारखा जोरात श्वास घेतो. तिनेच हट्ट धरून स्लीप स्टडीला नेलं. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला चिकटवलेल्या वायरी, छाती-पोटावर पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, अशा अवतारात झोप कसली लागणार असं वाटलं होतं पण लागली. रिपोर्टमध्ये स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा त्रास निघाला आणि तोही आरईएममध्ये जास्त, कारण त्या टप्प्यात अंगाचे स्नायू सैल पडतात तसे घशाचेही पडतात, श्वासाची वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू हलवून जागं करतो, आपल्याला सकाळी त्यातलं काही आठवत नाही. सीपॅप मशीन लावलं, मास्कमधून हवेचा दाब देऊन ते श्वासाची वाट उघडी ठेवतं. सुरुवातीला मास्कचा फार वैताग यायचा, नाकावर वळ उठायचा, मास्कची साइज बदलून घेतल्यावर जमलं. त्यानंतर किती वर्षांनी मला लांबलचक, ठसठशीत स्वप्नं पडायला लागली, डॉक्टर म्हणाले अडवलेली आरईएम भरून निघतेय. ताई, घड्याळाला श्वासाची ही अडचण कळेलच असं नाही, एकदा तपासून घ्याच.

---

मी डिप्रेशनच्या गोळ्या घेते. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी आरईएम कमी होते हे मला आकडे बघून घाबरल्यावर डॉक्टरांकडून कळलं. त्यांनी सांगितलं, गोळी अचानक बंद करायची नाही, तुझा मूड सावरलाय ते जास्त महत्त्वाचं. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी कृपा करून मनाने सोडू नका.

---

माझं वय ६८. वयाबरोबर डीप कमी होतेच, माझ्या मुलाचे आकडे माझ्याशी जुळणार नाहीत हे पटायला वेळ लागला. घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं, मेंदूच्या लहरी ते बघत नाही. सकाळी उठून बरं वाटत असायचं आणि आकडा बघितला की दिवस खराब, म्हणून आता ते रात्री काढूनच ठेवतो. दिवसा पेंग येत नाही, संध्याकाळचं चालणं होतं, मला तेवढं पुरे आहे.

---

माझा त्रास वेगळा, अंथरुणात आठ-नऊ तास पण तुकड्या-तुकड्यांत झोप. निद्रानाशासाठी सीबीटी-आय म्हणून उपचार असतो, त्यात थेरपिस्टने अंथरुणातला वेळच कमी करायला लावला, म्हणजे जितकी खरी झोप होते साधारण तेवढाच वेळ पडायचं, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं आणि डोळे मिटायला लागले की परत यायचं. झोप सलग झाल्यावर वेळ हळूहळू वाढवला. सुरुवातीचे आठवडे दिवसा भयंकर पेंग येते, तेव्हा गाडी चालवू नका, आणि फिट्स किंवा बायपोलरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरूच करू नका.