फायबर होडीचा ट्रान्सम कुजलाय, आतून उघडायचा की बाहेरून?

नाथसागर_काठ

नमस्कार मंडळी. जायकवाडीच्या पाण्यात चालणारी १८ फुटी उघडी फायबर होडी आहे, २५ एचपीचं लाँग शाफ्ट इंजिन. इंजिन वर उचलून खालचा पाय हलवला की ट्रान्समची (होडीची मागची भिंत, जिला इंजिन लटकतं) वरची कड ४-५ मि.मी. मागे-पुढे होते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं तर ड्रेन प्लगच्या (पाणी काढायच्या बुचाच्या) वर हातभर भागात भद्द आवाज येतो, दोन्ही कडांना टणक. खालच्या दोन बोल्टांभोवती तपकिरी पाणी झिरपतं. बाहेरचा जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) धड आहे, केसासारखे तडे फक्त बोल्टांपाशी. माप: रुंदी १.५ मीटर, मधली उंची ५० सेंमी, जाडी ४६ मि.मी. इंजिनाचा क्लॅम्प जास्तीत जास्त ५५ मि.मी. उघडतो.

नुसता कुजका भाग काढून भरला तर चालेल का? उघडायचा तर कुठून? आणि सुतार म्हणतोय प्लाय कशाला, सागाची फळी टाका. सामान किती लागेल तेही सांगा.

येलदरी_नाव

भाऊ, कड ४-५ मि.मी. हलतेय म्हणजे आतला प्लाय दोन्ही कातड्यांपासून (आतल्या-बाहेरच्या फायबरच्या थरांपासून) सुटलाय. ठिगळानं भागणार नाही, अख्खा गाभा बदला. खात्री हवी असेल तर आतल्या बाजूनं ६ मि.मी.ची चार भोकं पाडून भुसा बघा: प्लगजवळ, दोन्ही बोल्टांजवळ आणि वरच्या कोपऱ्यात. कोरडा, फिकट, कुरळा भुसा आला तर लाकूड जिवंत. काळा ओला लगदा आला तर गेलेलं.

उघडी होडी आहे आणि बाहेरचा जेलकोट चांगला आहे, म्हणून आतूनच उघडा. बाहेरचं कातडं तसंच ठेवायचं, तोच तुमचा साचा. बाहेरून उघडलं तर जेलकोट, रंग आणि कोन सगळंच पुन्हा बसवावं लागतं.

कापण्याआधी होडीचा आकार बांधून घ्या. बहुतेक कामं इथंच बिघडतात. ट्रान्समपासून फूटभर पुढे दोन्ही कडांना आडवी फळी स्क्रूनं पक्की करा. बाहेरून ट्रान्समला सरळ चौकट टेकवून बांधा, कारण एकटं ४-५ मि.मी.चं कातडं पोटासारखं फुगतं. बुडाखाली ट्रान्समच्या अगदी लगत ठोकळे द्या, नाहीतर बूड मागे लोंबतं आणि होडी पुढे कायम नाक खाली दाबून चालते. ट्रान्समचा कोन मोजून लिहून ठेवा. साधारण १२ ते १४ अंश असतो, तोच परत यायला हवा.

मग इंजिन आणि वरची पट्टी काढा. आतलं कातडं कोपऱ्यापासून ५० मि.मी. आत कापा, म्हणजे बुडाला किंवा बाजूला ग्राइंडर लागणार नाही. प्लाय छिन्नीनं काढा. ओला भाग हातानं निघेल, कडेचा चांगला भाग मात्र रडवेल. तोही काढाच, कारण बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. शेवटी कोपऱ्यात उरलेली पट्टी घासा आणि बूड-बाजूंवर १५० मि.मी.पर्यंत ४० नंबरच्या चकतीनं खरवडा. जुन्या फायबरची चमक गेली नाही तर नवीन थर पापडासारखा सुटतो.

सागाबद्दल: सुतार दारं-खिडक्यांच्या हिशेबानं बरोबर सांगतोय, इथं नाही. सागात तेल असतं, पॉलिस्टर रेझिन त्याला नीट धरत नाही. शिवाय सलग फळी आडवी फुगते-आकसते आणि फायबर तडकतं. बाभळीचंही तेच, वर वजन. १८ मि.मी.चा मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून. कापलेल्या कडेत पोकळी दिसली तर ती शीट परत करा. दोन थर म्हणजे ३६ मि.मी. एका ८ बाय ४ च्या शीटमध्ये दोन्ही तुकडे आरामात निघतात.

पुठ्ठ्याचा साचा करून प्लाय असा कापा की बुडाशी आणि बाजूंना ४-५ मि.मी. फट राहील. लाकूड बुडाला थेट टेकलं तर तिथं बाहेरून रेघ उमटते आणि पुढे चीर जाते. दोन्ही तुकड्यांना दर १५० मि.मी.वर ५ मि.मी.ची भोकं पाडा, अडकलेली हवा तिथून निघते. कडांना रेझिन पितं तोवर पाजा. प्लाय पाणी पितो तो कडेनंच.

चिकटवताना बाहेरच्या कातड्यावर ४५० ग्रॅमची मॅट (सुट्या काचतंतूंची चादर, वजन चौरस मीटरला) रेझिननं ओली करून लावा, त्यावर पहिला तुकडा, पुन्हा ओली मॅट, मग दुसरा. जुन्याच बोल्टांच्या भोकांतून मेण लावलेले बोल्ट घालून दोन्हीकडून फळ्यांमध्ये आवळा. भोकांतून रेझिन डोकावलं म्हणजे पोकळी उरली नाही. फार आवळू नका, सगळं रेझिन पिळून निघालं तर सांधा कोरडा पडतो.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यांत रेझिन, एरोसिल (घट्ट करणारी पावडर) आणि कापलेल्या काचतंतूंची पुट्टी भरून २५ मि.मी. त्रिज्येची गोलाई द्या. काचेचं कापड काटकोनात वळत नाही, तिथं हवा राहते. त्यावर मॅट, रोव्हिंग (जाड विणलेलं काचेचं कापड), मॅट, रोव्हिंग, मॅट. प्रत्येक थर बुडावर आणि बाजूंवर आधीच्यापेक्षा २५ मि.मी. पुढे न्या.

सामान: मॅट (४५० ग्रॅम) चिकटवायची धरून अडीच किलो, रोव्हिंग (६०० ग्रॅम) दीड किलो. मॅटला वजनाच्या अडीच पट रेझिन लागतं, रोव्हिंगला जवळपास त्याच्या वजनाइतकंच. पुट्टी, कडा आणि नासाडी धरून १२ किलो रेझिन आणा. जाडी बाहेरच्या कातड्यासह ४८-४९ मि.मी. भरेल, क्लॅम्पमध्ये बसते.

विष्णुपुरी_घाट

वरची पद्धत बरोबर आहे, पण आपल्याकडच्या उन्हाचं सांगायला हवं. रेझिनचे तक्ते २५ अंशांचे असतात. तापमान दहा अंशांनी चढलं की रेझिन गोठायचा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यात ४२ अंशांत दीड टक्का हार्डनर (रेझिन गोठवणारं रसायन) टाकला तर ब्रश फिरवेपर्यंत मग्ग्यातच दगड होतो, धूरही निघतो.

म्हणून हार्डनर कमी करायचा, पण १ टक्क्याच्या खाली नाही. किलोला १० ग्रॅम ही खालची हद्द. त्याहून कमी टाकलं तर रेझिन वरून सुकल्यासारखं दिसतं, आत कायम कच्चं राहतं. गरज पडली तर कमी कोबाल्टचं (गोठणं वेगवान करणारं रसायन) रेझिन मागा. सकाळी सहा ते नऊ काम, होडी सावलीत, एका वेळी अर्धाच किलो कालवा आणि उथळ ट्रेमध्ये ओता. एका बैठकीत दोन-तीन थर पुरे. जाड थर एकदम टाकला की तापून आकसतो आणि प्लायपासून उपटतो. पावसाळ्यातही हे काम नको, मॅट दमट होते आणि थर दुधी पडतो. दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत करा.

मेण नसलेलं रेझिन वापरा, म्हणजे पुढचा थर चिकटतो. मेण फक्त शेवटच्या थरात. मधे दिवसापेक्षा जास्त खंड पडला तर घासूनच पुढे जा.

आणि हे जिवाचं आहे: कोबाल्ट वेगळा आला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. दोन्हींच्या बाटल्याही एका खोक्यात ठेवू नका. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, गॉगल लावूनच मोजा. काच घासताना साधा रुमाल उपयोगाचा नाही, गाळणीचा मास्क लागतो.

नाथसागर_काठ

उघडलं. तुम्ही म्हणालात तसंच, खालचा निम्मा प्लाय हातानं निघाला. पण बुडाच्या मधल्या लाकडी कण्याचं टोकही ट्रान्समजवळ २० सेंमी मऊ झालंय. ते कसं करू? आणि एकानं सुचवलंय की एपॉक्सी वापरा, पॉलिस्टर नको. पाणी नेमकं आलं कुठून तेही कळलेलं नाही.

येलदरी_नाव

कण्याचा टणक भाग लागेपर्यंत, आणि त्यापुढे आणखी १० सेंमी कापा. नवीन तुकडा १ ला ८ च्या तिरक्या सांध्यानं (उतार जाडीच्या आठ पट लांब) जोडा, वरून काच गुंडाळून ट्रान्समवर किमान १५० मि.मी. चढवा. इंजिनाचा धक्का ट्रान्सम एकटा घेत नाही, कण्याकडे देतो. हा सांधा राहिला तर नवीन ट्रान्समही हलेल.

एपॉक्सी लाकडाला आणि जुन्या फायबरला जास्त घट्ट धरते, हे खरं. पण मग शेवटपर्यंत एपॉक्सीच. पॉलिस्टरवर एपॉक्सी चिकटते, एपॉक्सीवर पॉलिस्टर भरवशाचं नाही. साधी मॅटही चालत नाही, कारण तिचे तंतू धरणारा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरिननं विरघळतो. एपॉक्सीसोबत विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या. एवढ्या होडीला पॉलिस्टर पुरतं, पैसे वाचवून चांगला प्लाय घ्या.

मांजरा_वल्हं

पाणी कुठून आलं ते मी सांगतो: बोल्टांच्या आणि ड्रेनच्या उघड्या भोकांतून. भोकाच्या आत प्लायची कच्ची कड असते. तिथून शिरलेलं पाणी दोन्हीकडच्या फायबरमुळे बाहेर पडत नाही. समुद्रातल्या होडीला मिठामुळे बुरशी जरा दबते, आपल्या धरणाच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्यात ती मोकाट वाढते. म्हणून प्लाय कितीही चांगला घेतला तरी भोकं सोडली तर पुन्हा तेच.

भोक बोल्टापेक्षा ८ मि.मी. मोठं पाडा. ८ च्या बोल्टाला १६. बाहेरून टेप लावून घट्ट एपॉक्सी पुट्टीनं भरा, दोन दिवसांनी मधोमध ८ चं पाडा. आता बोल्टाभोवती ४ मि.मी.ची भिंत आहे, लाकूड दिसतच नाही. ड्रेनलाही असंच: २५ ची नळी असेल तर ४० चं भोक. ही पुट्टी एपॉक्सीची चालते, कारण तिच्यावर पुन्हा पॉलिस्टर चढवायचं नाही.

बोल्ट स्टेनलेस, आतून ६ मि.मी. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, नायलॉक नट. खाली पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको, पुढे त्या जागी काहीच चिकटत नाही. आधी हातानं बसवा, सीलंट दिवसभर धरू द्या, मग आवळा. लगेच आवळलं तर सगळं बाहेर निघून जातं. क्लॅम्पच्या स्क्रूखालीही पट्टी द्या, पण ती धरून जाडी ५५ च्या आत हवी, मोजून घ्या. वरच्या कडेवर दोन थर काच गुंडाळूनच पट्टी बसवा, तिचे स्क्रूही सीलंटमध्ये बुडवून.

वरची कड कापण्याआधी उंची तपासा. लाँग शाफ्टला २० इंच, म्हणजे ५०८ मि.मी. लागते. पंख्यावरची आडवी पाती बुडाच्या पातळीत किंवा २५ मि.मी.पर्यंत खाली यायला हवी. तुमची मधली उंची ५० सेंमी आहे, जुनी कड झिजलेली असेल तर आत्ताच ८ मि.मी. वाढवून घ्या. पहिल्या दहा तासांच्या वापरानंतर बोल्ट पुन्हा आवळा. होडी काठावर ठेवताना नाक उंच आणि ड्रेन प्लग काढलेला.