एक्सकॉम २ (परग्रहवासीयांशी चालीचालीनं लढायचा गेम) घ्यावा का? पहिला भाग झालाय

विश्रामबागकर: २०१२ चा एनिमी अननोन दोनदा संपवला. दुसऱ्यात टर्नचं टायमर असतं म्हणे, ठरावीक चालींत मिशन संपवायचं. ८ जीबी रॅम, २ जीबी ग्राफिक्स कार्ड आहे, चालेल का?

मिरजेचा स्नायपर: चालेल भावा. ४५ जीबी जागा मोकळी ठेव, एसएसडीवर टाक. हार्डडिस्कवर मिशन लोड होईपर्यंत भडंगाची पुडी संपते.

टायमर मुद्दाम आहे. पहिल्यात सगळे एकेक पाऊल टाकून ओव्हरवॉच (शत्रू हलला की आपोआप गोळी) लावत बसायचे, तीच सवय इथं मारते. सुरुवातीला पथक लपलेलं असतं: चौघांना ओव्हरवॉचवर ठेव, पाचव्यानं गोळी झाड. बिथरून आडोशाला पळणाऱ्यांवर चौघांच्या गोळ्या बसतात, त्याही अचूकता न घटता. अर्धा आडोसा २० आणि पूर्ण ४० टक्के नेम खातो, म्हणून आधी ग्रेनेडनं भिंतच उडव. ग्रेनेड चुकत नाही. सेक्टॉइडनं (मनावर ताबा मिळवणारा परग्रहवासी) आपला माणूस ताब्यात घेतला तर त्या सेक्टॉइडवरच फ्लॅशबँग (डोळे दिपवणारा ग्रेनेड) टाक, ताबा सुटतो.

विश्रामबागकर: आणि ९० टक्केवाला नेम हुकला की आधीचा सेव्ह रीलोड?

कृष्णाकाठ: तोच नेम परत हुकणार, फासे आधीच पडलेले असतात. चालींचा क्रम बदलला तरच फरक. टायमर जाचतच असेल तर २०१७ चं वॉर ऑफ द चोझन (याच गेमचा विस्तार) घे. त्यात टायमर दुप्पट करायचा पर्याय आहे. पण सैनिक थकतात, सहाजणांवर भागत नाही, दहा-बारा तयार ठेवावे लागतात. माझ्या मते आधी मूळ गेम खेळ, सेल लागल्यावरच.