उत्तर: चित्र काढायला लावण्याआधी

वर एका सदस्यांनी सुचवले आहे की, अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना गटात बसवून आपला अनुभव चित्रात काढायला सांगावे. कला उपयोगी पडते हे मान्य. परंतु खेड्यात त्या गटातच तिची जाऊ किंवा सासूची मैत्रीण बसलेली असते, आणि काढलेले चित्र सायंकाळपर्यंत घरी पोहोचते, हे शहरातील कार्यकर्त्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात सोयाबीन निघाल्यावर काही बायका दुपारी एकत्र गोधड्या शिवत बसत. हात गुंतलेले, नजर टाक्यावर, त्यामुळे कोणी बोलले तरी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे. गप्प राहिले तर तेही खपून जाई. तिथे भुलाबाईची, म्हणजे विदर्भात पार्वतीच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या देवीची, गाणी निघत. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे ती म्हटली जातात आणि त्यांत सासरच्या जाचाचे वर्णन भुलाबाईच्या नावाने येते, म्हणजे दुःख स्वतःचे असले तरी बोट दुसरीकडे राहते. माझ्या चुलतबहिणीने मार खाल्ल्याची गोष्ट प्रथम अशाच एका गाण्यात पदरची ओळ घालून सांगितली. कोणी खोदून विचारले नाही. पुढे कित्येक दिवसांनी ती स्वतःहून शेजारणीकडे गेली आणि मग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली. मात्र मारहाण चालूच असेल, तर गाण्याची वाट पाहू नये. १८१ हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक आधी हाती द्यावा.