प्रतिसाद: माहितीचं पुस्तक मधूनच उघडू द्या

दुसरीतली मुलगी गोष्टी भराभर वाचते, पण माहितीचं पुस्तक दोन पानांत मिटून टाकते, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. ताई, तिला पहिल्या पानापासून वाचायला लावू नका. चित्रं चाळू द्या. बोट जिथे थांबेल तिथली चित्राखालची ओळ आधी, मग शेजारचा मजकूर. एका बैठकीला 10 मिनिटं आणि एक जोडपान पुरे.

ठाणे-ऐरोलीकरांना विषय तर खाडीनेच दिलाय: तिथे येणारे फ्लेमिंगो पक्षी. फ्लेमिंगोचं पान उघडण्याआधी तीन चिठ्ठ्या लिहा: 'पिल्लू जन्मतःच गुलाबी असतं', 'तो चोच उलटी धरून खातो', 'गुलाबी रंग खाण्यातून येतो'. खरं की खोटं हे तिने आधी ठरवायचं, मग पानात पुरावा शोधून चिठ्ठी नेमकी त्या ओळीवर ठेवायची. पिल्लू राखाडी असतं हे स्वतः शोधल्यावर ती ते घरभर सांगत सुटेल! मात्र तिन्ही उत्तरं त्याच पुस्तकात आहेत ना, हे तुम्ही आधी तपासा. नसतील तर मूल वैतागतं आणि खेळ तिथेच मोडतो.

वाचून झाल्यावर 'काय कळलं, सांग' नको, त्याची लगेच परीक्षा होते. उलट तिलाच तुम्हाला प्रश्न विचारू द्या. पानात पाचाहून जास्त शब्द अडले, तर मजकूर तुम्ही वाचा, चित्रांखालच्या ओळी तिच्याकडे. आणि हिवाळ्यात पक्षी आले की पुस्तक, दुर्बीण घेऊन खाडीवर जा. ती उलटी चोच तिला प्रत्यक्ष बघू द्या.